देवघरातला झिरो बल्ब : आमच्या लाइट बिलाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार, कराड

दहावीच्या वर्गात आज विजेच्या खर्चाचं गणित घेतलं. ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, रोज चार तास जळला, तर महिन्याला किती युनिट वाचतील? मुलांनी पटापट सोडवलं. ६.१२ युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर). मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे वर्षापूर्वी सगळे एलईडी लावले. बिल वाढलंय."

मी म्हटलं, दुसरं काहीतरी जास्त वापरत असाल. ती म्हणाली, नाही. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, घरात पाहिलेलं ती सांगत होती. आणि माझ्याकडे पुस्तकातल्या गणितापलीकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. स्वतःच्या घरात मी आजवर एकदाही मोजून पाहिलेलं नाही. म्हणून ही वही.

तिला मागच्या आणि या वर्षाची बिलं आणायला सांगितली आहेत.

१० ऑक्टोबर २०२४

घरातल्या दिव्यांची मोजदाद. आमचं घर जुनं आहे. आप्पांनी (माझे सासरे) बांधलं, त्यामुळे दिव्यांबाबत शेवटचा शब्द त्यांचा.

हॉल, स्वयंपाकघर आणि आतल्या खोलीत चोक-स्टार्टरच्या ४० वॅटच्या ट्यूब. आमच्या खोलीत १५ वॅटचा सीएफएल, जिन्यात १४ वॅटचा. अंगणात ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, न्हाणीघरातही ६०चा, संडासात ४०चा. माळ्यावर १०० वॅटचा. देवघरात आणि बोळात लाल झिरो बल्ब.

प्रत्येक बटणाशेजारी कागद चिकटवला आणि लावल्याची, बंद केल्याची वेळ लिहायला सगळ्यांना सांगितलं. मुलाला मजा वाटली. आई (सासूबाई) म्हणाल्या, "नवरात्र चालू आहे, पुरणावरणाचा स्वयंपाक आहे, आणि मी बटणं लिहीत बसू?" त्यांचं बरोबर आहे. स्वयंपाकघराचा कागद मीच सांभाळते.

आप्पांचं मत ठाम आहे. "बल्बानं बिल कमी होत नसतं. मीटरच पळतंय."

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

मीटर पळतं की नाही हे मीटरलाच विचारायचं ठरवलं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर छापलंय की तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद, त्याला ३२०० नं भागलं की एका लुकलुकीचे ११२५. म्हणजे ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणी घरात किती वॅट जळताहेत ते कळतं. यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यावं लागत नाही, मनगटावरचं घड्याळ पुरतं.

फ्रीज तासभर बंद केला, सगळे पंखे बंद, फक्त हॉलची ट्यूब लावली. तरी हिशेब जुळेना. मग लक्षात आलं, टीव्ही बंद असला तरी सेट-टॉप बॉक्स जागा होता. त्याचा प्लग काढला. सगळं बंद केल्यावर दहा मिनिटं लाल दिवा एकदाही लुकलुकला नाही. आमच्या मीटरला पळायची सवय नाही, हे आप्पांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची घेऊन मीटरपाशी बसले.

हॉलची ट्यूब : २१ सेकंदांनी एक. म्हणजे ५४ वॅट. ट्यूबवर ४० लिहिलंय, वरचे १४ चोक खातो. चोकला हात लावला तर गरम लागतो तो याचसाठी.

अंगणातला बल्ब : १९ सेकंद. ५९ वॅट.

झिरो बल्ब : पाच मिनिटांत चार लुकलुकी. १५ वॅट!

इथे मी थांबले. आमच्या घरात, आणि माझ्या माहेरीही, झिरो बल्ब म्हणजे फुकटचा उजेड असं सगळे धरून चालतात. नावातच झिरो. देवघरातला संध्याकाळी सहाला लागतो आणि सकाळी सहाला बंद होतो. बोळातला रात्री नऊ तास. बारा आणि नऊ मिळून एकवीस तास, १५ वॅटनं. महिन्याला साडेनऊ युनिट. अंगणातल्या ६० वॅटच्या बल्बाला चार तासांत महिन्याला सव्वासात लागतात. माळ्यावरचा १०० वॅटचा, ज्याच्यावर आम्ही सगळे डोळे वटारतो, तो महिनाभरात जेमतेम पाव युनिट खातो, कारण तो दिवसाकाठी पाच मिनिटं लागतो.

वॅट पाहायचे, पण आधी तास पाहायचे. उद्या वर्गात हे सांगायचं.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

गल्लीतले वायरमन काका आले होते. त्यांना माझ्या सेकंद मोजण्यावर विश्वास नाही. क्लॅम्प मीटर घेऊन आले. तारेभोवती चिमटा लावायचा आणि करंट बघायचा.

ट्यूबला ०.४३ अँपिअर. २३० ने गुणलं की ९९. "बघा मॅडम, शंभर वॅट घेते ट्यूब." मग एलईडी बल्ब लावला. करंट इतका कमी की वायरीचे दहा वेढे करून चिमट्यातून न्यावे लागले. ०.०७५ अँपिअर, म्हणजे १७. "बघा, लिहितात नऊ आणि घेतात सतरा. फसवतात."

काका तीस वर्षं या कामात आहेत, त्यांचा आकडा चुकीचा नव्हता. चुकत होता तो गुणाकार. डीसीला, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेला, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आपल्या घरात येणाऱ्या एसीला, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेला, ते दर वेळी चालत नाही. चोकमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यातला बराचसा नुसता येतो आणि परत जातो. साध्या एलईडीतला छोटा सर्किट बोर्ड करंट सलग न घेता व्होल्टेजच्या लाटेच्या टोकाशी झटक्यानं घेतो. दोन्हीकडे गुणाकार खऱ्या वॅटच्या जवळजवळ दुप्पट येतो. मोठ्या कारखान्यांच्या उच्चदाब जोडण्यांना या फरकाचेही पैसे पडतात. घरगुती मीटर मात्र फक्त खरे वॅट मोजतो.

मीटरपाशी जाऊन एकट्या एलईडीवर तीन लुकलुकी मोजल्या. सव्वासहा मिनिटं लागली. एका लुकलुकीला १२५ सेकंद, म्हणजे ९ वॅट बरोब्बर. काकांनी स्वतःच्या घड्याळात मोजलं आणि मान्य केलं.

चिमट्याच्या हिशेबानं गेले असते तर ट्यूब बदलून २० वॅटची एलईडी पट्टी लावली की ७९ वॅट वाचतील असं मी मुलांना सांगितलं असतं. खरे वाचतात ३४. बिल आल्यावर "मॅडमनं सांगितलं तेवढं काही वाचलं नाही" असं झालं असतं, आणि मग कुणी पुन्हा ऐकलं नसतं.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

दिवाळीची साफसफाई आणि दिवे बदलणं एकाच दिवशी.

सकाळी आप्पांचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात तीन खोकी सापडली. ९ वॅटचे एलईडी बल्ब, सीलबंद. सरकारच्या उजाला योजनेत २०१६ साली रांगेत उभं राहून आणलेले. ती योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. सरकारी कंपनीनं एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे बल्बाची खरेदीची किंमत ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ वर आली. आज दुकानात एलईडी स्वस्त मिळतो त्यामागे हे मोठं कारण आहे.

आणि आमचे तीन कपाटात. "का लावले नाहीत आप्पा?" तर म्हणाले, "चांगले आहेत म्हणून ठेवले. आहे तो बल्ब जळून जाऊ दे, मग लावू म्हटलं." आणि तो जळाला की कोपऱ्यावरून पंधरा रुपयांचा पिवळा बल्ब यायचा, कारण रात्रीच्या वेळी कपाट कोण उघडणार.

हे मी कुणाला हसण्यासाठी लिहीत नाही. माझ्या आईकडे स्टीलचे डबे असेच "चांगले म्हणून" वर ठेवलेले आहेत. वस्तू पूर्ण वापरून मगच टाकायची, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती मला प्रिय आहे. पण बल्ब वापरून संपवणं म्हणजे बल्ब वाचवणं नव्हे. पंधरा रुपयांचा बल्ब वाया जाऊ नये म्हणून अंगण आणि न्हाणीघर मिळून वर्षाला शंभर युनिट जास्त गेले. आठ वर्षांत आठशेच्या वर. हा आकडा आप्पांना दाखवला तेव्हा त्यांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग स्वतः स्टुलावर चढायला निघाले, त्यांना थांबवावं लागलं.

बदललेलं : तीन ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या (७५० रुपये), दोन झिरोच्या जागी अर्ध्या वॅटचे एलईडी झिरो (८० रुपये), अंगण आणि न्हाणीघराला कपाटातले ९ वॅट, संडासात ७ वॅट (८० रुपये). एकूण ९१०. वायरमन काकांनी पैसे घेतले नाहीत, फराळाला बोलावलंय.

दोन सीएफएल तसेच ठेवले. १५ वरून ९ वॅटवर येऊन रोज दोन तासांत महिन्याला पाऊण युनिटाच्या निम्मंही वाचत नाही. ते बंद पडतील तेव्हा बघू. शिवाय त्यांच्या नळीत थोडा पारा असतो, चालू असलेला काढून कचऱ्यात घालणं मला पटत नाही. म्हणजे "आहे तो संपू दे" हे आप्पांचं म्हणणं सीएफएलला लागू आहे, पिवळ्या बल्बाला नाही.

माळ्यावरचा शंभरचाही तसाच.

सेट-टॉप बॉक्सचा प्लग मुद्दाम लावून ठेवायचा, जसा आधी होता तसा. तो मोजला तर १० वॅट निघाला, दिवसभर. तो काढायचाच आहे, पण आत्ता काढला तर बिल कशामुळे उतरलं ते कळणार नाही.

कागदावरचा अंदाज : आधी दिव्यांना महिन्याला सुमारे ४५ युनिट, आता साडेबारा. वाचतील ३२.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दोन तक्रारी.

पहिली आईंची. देवघरातला नवा झिरो पांढराफटक. "देवापाशी दवाखान्यासारखं वाटतंय." मी आधी समजावायला गेले, मग संध्याकाळी तिथे बसून पाहिलं आणि मलाही तसंच वाटलं. पिवळसर झाक असलेला आणून लावला. तोही अर्ध्या वॅटचाच. डोळ्याला नको वाटणारा दिवा लोक चार दिवसांत काढून टाकतात, मग वॅट कितीही कमी असोत. एलईडीच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असेल तर पिवळसर, ६५०० असेल तर पांढरा. स्वयंपाकघरात मात्र त्यांना पांढरा आवडला, मेथी निवडताना माती दिसते म्हणाल्या.

दुसरी, संडासातला ७ वॅटचा बल्ब दोन आठवड्यांत गेला. हातगाडीवरून घेतला होता, चूक माझी. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह नव्हतं आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. शिवाय तो बंद काचेच्या गोळ्यात बसवला. एलईडी उष्णतेला भितो, दिव्याहून आतलं सर्किट आधी मरतं. उघडून पाहिलं, बारीक कपॅसिटर फुगलेला. चिन्ह बघून नवा आणला, ९० रुपये, आणि काचेचा गोळा काढून ठेवला. खर्च १००० झाला.

२२ नोव्हेंबर २०२४

बिल आलं. बिघडलेलं. दिवाळीच्या माळा, आकाशकंदील, पाहुणे, चकलीच्या भाजणीसाठी मिक्सर. हा महिना हिशेबात धरत नाही. २५ नोव्हेंबर ते २५ डिसेंबर मीटरचं रीडिंग मीच घेणार.

पण बिलाचा मागचा भाग नीट वाचला. घरगुती विजेचा दर यंदा (२०२४-२५) पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० पर्यंत १०.२९. प्रत्येक युनिटामागे वहन आकार (वीज तारांतून आणून देण्याचा) १.१७. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आम्ही महिन्याला १८०-१९० युनिट वापरतो आणि बिल दोन हजारांच्या आसपास येतं, म्हणून "एक युनिट साधारण पावणेअकरा रुपये" असं मी धरलं होतं. ते चुकलं. वाचलेलं युनिट हे नेहमी वरच्या टप्प्यातलं असतं. ते १०.२९ अधिक १.१७, त्यावर १६ टक्के, म्हणजे १३.२९ ला पडतं. ज्याचा वापर शंभराच्या आत आहे त्याला तेच युनिट ६.८२ ला. एकच बल्ब, एकच गल्ली, आणि बचत जवळजवळ निम्मी.

५ डिसेंबर २०२४

त्या मुलीनं बिलं आणली. मागच्या वर्षी १४८ युनिट, या वर्षी त्याच महिन्यात १४३. युनिट कमी झालेत! पण मागच्या वर्षी दर ४.४१ आणि ९.६४ होते. स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा ठरलेली रक्कम) बाजूला ठेवून फळ्यावर दोन्ही बिलं मांडली. १४८ युनिटांचे १२४९ रुपये, १४३ युनिटांचे १२५४. पाच युनिट कमी वापरून पाच रुपये जास्त. तिचं म्हणणं खरं होतं, आणि एलईडीचंही.

पाचच का? विचारलं तर कळलं की त्यांनी काढले ते चार सीएफएल. १५ चे ९. रोज सहा-सात तास धरले तर महिन्याला पाचच्या आसपासच येतात. वर्गात शांतता होती. मग ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, रुपये बघायचे नाहीत, युनिट बघायचे." वही उघडून तिनं ते लिहून घेतलं. मी नाही सांगितलं लिहायला.

२६ डिसेंबर २०२४

रीडिंग : तीस दिवसांत १५१ युनिट. मागच्या डिसेंबरच्या बिलात १७८ होते. २७ कमी.

अंदाज ३२ चा होता. पाच कुठे गेले? बटणाशेजारचे कागद पुन्हा काढले. अंगणातला दिवा आता चार तास नाही, बारा तास जळतो. "एलईडी आहे, जळू दे" असं सगळ्यांनीच, मीही, मनात धरलेलं. वाढलेल्या आठ तासांचे सव्वादोन युनिट. उरलेले पावणेतीन मला दिव्यांवर टाकता येत नाहीत. मुलाची सहामाही झाल्यावर तो उशिरापर्यंत जागतो, थंडीत पाणी तापवण्याची वेळ वाढलीय. दोन वर्षांचे दोन डिसेंबर अगदी एकसारखे नसतात.

२७ युनिट गुणिले १३.२९, ३५९ रुपये. घातलेले हजार तीन महिन्यांच्या आत परत.

अंगणातल्या दिव्याबद्दल घरात बोलणं झालं. आई म्हणाल्या, रात्री उठलं की बाहेर उजेड दिसतो, बरं वाटतं. महिन्याला तीस रुपये. राहू दे म्हटलं. हा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही.

सेट-टॉप बॉक्सचा प्लग आजपासून रात्री काढायचा.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

तिळगूळ द्यायला आलेल्यांशी हाच विषय. एक जण म्हणाले, आपल्याकडे वीज कोयनेच्या पाण्याची, फुकट, वाचवून काय करायचं? शेजारच्या पाटण तालुक्यात १९६० मेगावॅटच्या प्रकल्पाचं धरण उभं असल्यावर असं वाटणं साहजिक आहे. पण राज्याची बहुतेक वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून येते. कोयनेची मोठी किंमत संध्याकाळी कळते, सगळी घरं एकदम दिवे लावतात तेव्हा ती झटकन चालू करता येते. आणि वीज करण्यासाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाची मर्यादा आहे. दिवे लागतात त्याच वेळी कोयनेच्या विजेची ओढ असते. माझ्या २७ युनिटांतले बहुतेक संध्याकाळचे आणि रात्रीचे आहेत.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

पलीकडच्या काकू एकट्या राहतात. महिन्याला ७८ युनिट. भीती वाटते म्हणून दारावरचा ६० वॅटचा बल्ब संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत. फक्त तो बदलला तरी १७ युनिट. त्यांच्या टप्प्यात ते ११५ रुपये होतात, आमच्या टप्प्यात सव्वादोनशे झाले असते. पण पावणेसातशेच्या आसपासच्या बिलात ११५ काकूंना मोठे आहेत.

त्यांना बल्ब घ्यायला सांगायचं होतं. मी चप्पल घालेपर्यंत आप्पा कपाटातलं तिसरं खोकं घेऊन पुढे गेले होते.

९ मार्च २०२५, रविवार

ऊन वाढलंय. दिव्यांचं काम आमच्या घरात झालं, आता उरलेल्या पावणेपंधरा युनिटांतून फार निघणार नाही. पुढचा नंबर पंख्याचा. आप्पांच्या खोलीतला जुना पंखा पूर्ण वेगात मोजला, १५ सेकंदांनी एक, ७५ वॅट. रोज बारा तास फिरतो. आज तिथे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा लावला, २८०० रुपये. हिशेबानं महिन्याला १७ युनिट वाचायला हवेत, आणि पंखा उन्हाळाभर चालतो, वर्षभर नाही, तेव्हा पैसे फिटायला तीनेक उन्हाळे लागतील.

फ्रीज बंद, दिवे बंद, पंखा पूर्ण वेगात. आप्पा मीटरपाशी खुर्चीवर, घड्याळ हातात. लाल दिवा लुकलुकला आणि त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. चाळीसवर पुन्हा लुकलुकला. "अठ्ठावीस," ते म्हणाले. भागाकार त्यांनी तोंडी केला होता. मग पुन्हा एकदा मोजलं.

पुढची नोंद एप्रिलचं रीडिंग घेतल्यावर.